साथीचे रोग, सागरी श्रमिक आणि माल : मुंबई बंदर व वर्धा जिल्हा (१८९६–२०२१)

१. विषयप्रवेश

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईच्या धक्क्यापासून वर्धा जंक्शन लोहमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे खलाशी, गोदी, जहाज आणि संसर्गरोध हे विषय कोकणच्या किंवा मुंबईच्या अभ्यासकांचे, विदर्भाच्या अभ्यासकांचे नव्हेत, असा एक समज सहजच दृढ झालेला आहे. जिल्ह्यांच्या सीमा प्रशासनाने आखलेल्या असतात. परंतु श्रमाचे आणि मालाचे मार्ग त्या सीमांना जुमानीत नाहीत. हिंगणघाटच्या शेतात वेचलेला कापूस ज्या हातांनी जहाजाच्या पोटात उतरविला, ते हात या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचाच एक भाग होत. आणि त्या हातांना ज्या वेळी ज्वराने ग्रासले, त्या वेळी तो ज्वर त्याच मार्गाने उलट दिशेस, म्हणजे बंदराकडून अंतर्भागाकडे, चालत आला.

प्रस्तुत निबंधात १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा आणि २०२० ची कोविड महासाथ या तीन प्रसंगी सागरी श्रमिकांची स्थिती काय झाली, याचा मुंबई बंदर व वर्धा जिल्हा यांना जोडणाऱ्या मार्गाच्या अनुषंगाने विचार केला आहे. सागरी श्रमिक या संज्ञेत जहाजावरील खलाशी आणि गोदीतील कामगार या दोहोंचा समावेश केला आहे. निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : प्रत्येक साथीत राज्यसंस्थेने मालासाठी एक आणि माणसासाठी दुसरा, असे दोन नियम केले. माल शक्य तितका निर्दोष ठरविण्यात आला व त्याचा मार्ग मोकळा राहिला. तो माल वाहणारा माणूस मात्र संशयित ठरला. मराठीतील ‘वाहक’ हा शब्द ओझे वाहणाऱ्यास आणि रोग वाहणाऱ्यास सारखाच लागू पडतो. सागरी श्रमिकांच्या बाबतीत या दोन अर्थांची सरमिसळ केवळ शब्दात राहिली नाही. ती कायद्यात आणि व्यवहारातही उतरली.

२. कापसाचा मार्ग

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, आणि वर्धा हे शहर १८६६ मध्ये वसविण्यात आले. या तारखा योगायोगाच्या नव्हेत. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई जाणवू लागली व इंग्लंडचे लक्ष वऱ्हाड आणि नागपूर प्रांताच्या काळ्या जमिनीकडे वळले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत खुला झाला. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत शाखा निघाली. ती वरोऱ्याचा कोळसा आणि हिंगणघाटचा कापूस या दोहोंसाठी होती. ‘हिंगणघाट’ हे नाव एका गावाचे न राहता देशी कापसाच्या एका उत्तम प्रतीचे व्यापारी नाव बनले, आणि मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारात ते गाव न पाहिलेल्या दलालांच्याही तोंडी रुळले.

या मार्गावरील श्रमाची साखळी नीट ध्यानात घेतली पाहिजे. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया, बैलबंडी हाकणारा गाडीवान, जिनात सरकी वेगळी करणारे मजूर, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधणारे, स्थानकावर मालडबे भरणारे हमाल, मुंबईत कुलाब्याच्या कापूसबाजारात गाठी उतरविणारे, टोळीवाल्यांच्या हाताखाली गोदीत काम करणारे, आणि अखेरीस जहाजावरील खलाशी, अशी ही साखळी होती. तिच्या एका टोकास वऱ्हाडी–नागपुरी बोली, तर दुसऱ्या टोकास अनेक भाषांची भेसळ झालेली जहाजी बोली होती. परंतु गाठ एकच होती. त्या साखळीतील प्रत्येक जण पुढच्याला केवळ मालाच्या खुणेने ओळखीत होता.

या मार्गावरून धान्य, कापड, मीठ, यंत्रे आणि माणसे उलट दिशेनेही येत. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाल्यावर बंदराची क्षमता वाढली. अंतर्भागाचे बंदरावरील अवलंबित्वही त्या प्रमाणात वाढले. बंदर थांबले की जिन थांबणार, आणि जिन थांबले की वेचणीची मजुरी थांबणार, असे हे नाते होते.

३. जहाजावरील माणूस : नावे आणि जागा

फारसी ‘लश्कर’, म्हणजे सैन्य, या शब्दापासून पोर्तुगीजांच्या मध्यस्थीने इंग्रजीत ‘लास्कर’ हा शब्द गेला व त्याचा अर्थ आशियाई खलाशी असा झाला. मराठीत मात्र ‘लष्कर’ सैन्यापुरता राहिला आणि जहाजावरील माणसासाठी अरबी मूळ असलेला ‘खलाशी’ हा शब्द रूढ झाला. फारसी ‘नाखुदा’ कोकणात ‘नाखवा’ झाला, तर ‘सरहंग’ हा ‘सारंग’ झाला. थॉमस रोबक या अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यास जहाजी हिंदुस्थानीचा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. ब्रिटिश अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत, हा त्याचा हेतू होता. त्या शब्दभांडाराचे स्वरूप पाहता दोर, शिडे, वारा आणि आज्ञा यांची समृद्धी त्यात सहज आढळते.

वाफेच्या जहाजांच्या काळात पदांची उतरंड निश्चित झाली. डेकवर सारंग आणि त्याच्या हाताखाली टंडेल व खलाशी, इंजिनघरात आगवाला, कोयलावाला आणि तेलवाला, दिव्यांच्या व भांडाराच्या कामास कसाब, स्वयंपाकास भंडारी, झाडलोटीस टोपास. मुंबईहून भरती होणाऱ्या जहाजांवर डेकवरील कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे, इंजिनघरासाठी पंजाब व वायव्येकडील माणसे, आणि भोजनगृहासाठी गोव्याची माणसे, अशी सर्वसाधारण वाटणी असे. दोन सफरींच्या मधल्या काळात गोव्याचे नाविक मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कुडा’त राहत. तेथे निवारा व सोबत मिळे, पगार मात्र मिळत नसे. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार लास्कर होते. एकूण नाविकांच्या सहाव्या हिश्शाहून ही संख्या अधिक होती.

साथीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे निजण्याची जागा. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश नाविकास किमान १२० घनफूट जागा देणे बंधनकारक झाले. लास्करांना ही वाढ लागू करण्यात आली नाही. एकाच जहाजावर, एकाच समुद्रात, दोन प्रकारच्या माणसांना हवेचे दोन निरनिराळे माप ठरवून देण्यात आले होते. श्वासाने पसरणाऱ्या रोगाचा विचार करताना हे माप केवळ हिशेबाची बाब राहत नाही.

४. १८९६ : मांडवी आणि पिवळे निशाण

मुंबईतील प्लेगचे निदान डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात केले. ‘मांडवी’ या शब्दाचा मूळ अर्थच जकातीचे ठाणे असा आहे. धक्क्याला लागून असलेल्या या वस्तीत धान्याची कोठारे आणि हमालांच्या खोल्या एकमेकींस भिडलेल्या होत्या. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगने कहर केला होता आणि तेथेच येर्सिन यांनी त्याच्या जंतूचा शोध लावला होता. पूर्वेकडील सागरी व्यापाराबरोबर रोग मुंबईस पोहोचला, हे मत त्यामुळे लवकरच सर्वमान्य झाले. १८९७ च्या आरंभापर्यंत साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून निम्म्याच्या जवळपास लोक निघून गेल्याचे अंदाज आहेत. ही माणसे रेल्वेने आणि पडावांनी देशात व कोकणात परतली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा पुढे सव्वाशे वर्षे टिकला. त्याच्या रचनेत एक गोष्ट लक्षणीय आहे. बंदरात येणाऱ्या व बंदरातून जाणाऱ्या जहाजांची तपासणी आणि त्यावरील माणसांना अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. तद्वतच रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्या व्यक्तींची तपासणी करून संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकारही त्यातच आहे. म्हणजे बंदर आणि अंतर्भाग यांचे जे ऐक्य व्यापाराने घडविले होते, ते कायद्याने येथे प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. मुंबईचा धक्का आणि वर्ध्याचे स्थानक एकाच कायद्याच्या कक्षेत आले.

मालाचे काय झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १३७७ मध्ये रागुझा या एड्रियाटिक समुद्रावरील नगराने परक्या जहाजांवरील माणसांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसच्या व्यवहारात हे दिवस चाळीस झाले आणि ‘चाळीस’ या इटालियन संख्येवरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. या जुन्या पद्धतीत माल आणि माणूस या दोघांवरही संशय होता. विशेषतः कापूस, लोकर आणि चिंध्या हा माल रोग धरून ठेवतो असे मानले जाई. तो गोदामात पसरून त्यास हवा दिल्याखेरीज सोडत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्लंडच्या संसर्गरोध कायद्यांतही कापूस हा संशयित मालाच्या यादीत होता. मात्र कापसावर उभ्या राहिलेल्या व्यापारास हे परवडणारे नव्हते. आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांतून ही यादी क्रमाक्रमाने आकसत गेली व अखेरीस वापरलेले कपडे, अंथरूण–पांघरूण, चिंध्या अशा मोजक्या वस्तूंपुरती उरली. फेब्रुवारी–मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे प्लेगसंबंधी जी परिषद भरली, तिचा करार याच दिशेने जाणारा होता. येणेप्रमाणे हिंगणघाटची गाठ संशयमुक्त झाली, आणि ती उचलणारा माणूस संशयित राहिला.

या ठिकाणी एक भाषिक तपशील नोंदविण्याजोगा आहे. मराठीत रुईच्या बांधलेल्या गठ्ठ्यासही ‘गाठ’ म्हणतात आणि प्लेगमध्ये जांघेत वा काखेत येणाऱ्या सुजेसही ‘गाठ’च म्हणतात. ‘गाठीचा ताप’ हे प्लेगचे लोकप्रचलित नाव त्यातूनच आले. बंदरातील हमालाला दोन्ही गाठींशी सामना करावा लागला.

शास्त्राचा निर्णय यानंतर आला. १८९८ मध्ये पॉल–लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवेमार्फत प्लेग पसरतो हे दाखविले. ते मान्य होण्यास काही वर्षे लागली. परंतु एकदा ते मान्य झाल्यावर पूर्वीच्या उपायांची दिशा चुकली होती, हेही मान्य करावे लागले. धान्याची पोती आणि त्यांबरोबर फिरणारे उंदीर हे अधिक दोषी होते. ज्यांना छावण्यांत कोंडले ती माणसे बहुतांशी बळी होती. १९०३ च्या पॅरिस करारात जहाजांवरील उंदरांच्या नाशाची तरतूद झाली ती यामुळेच.

शास्त्रीय अज्ञानाला वर्णाभिमानाची जोड मिळाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच काळातील एका सफरीत सापडते. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीस ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजे मुंबईहून दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. दोहोंवर मिळून सुमारे ८०० उतारू होते. ‘कुरलँड’वर मोहनदास करमचंद गांधी सकुटुंब प्रवास करीत होते. १८ डिसेंबरच्या सुमारास जहाजे डर्बनला पोहोचली. परंतु मुंबई हे प्लेगग्रस्त बंदर म्हणून घोषित झाल्यामुळे त्यांच्यावर पिवळे निशाण चढले. मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पूर्ण होईपर्यंत जहाजे अडविण्यात येतील, असे प्रथम सांगण्यात आले; प्रत्यक्षात १३ जानेवारी १८९७ पर्यंत कोणासही उतरू दिले नाही. जहाजांवर एकही प्लेगचा रुग्ण नव्हता. किनाऱ्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सभा होत होत्या आणि उतारूंना परत पाठवावे अशी मागणी चालू होती. उतरल्यावर गांधींवर जमावाने हल्ला केला, हा भाग सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने संसर्गरोधाचा नवा कायदा केला. त्याबरोबरच स्थलांतरितास युरोपीय भाषेत लिहिता आले पाहिजे, अशी अट घालणारा कायदाही केला. रोगाच्या भीतीचे रूपांतर भाषेच्या परीक्षेत झाले. चार दशकांनंतर, १९३६ मध्ये, गांधी वर्ध्याजवळ शेगाव, म्हणजे पुढील सेवाग्राम, येथे राहावयास आले. त्या ‘कुरलँड’वरील मुक्कामाचा इतिहास म्हणूनही या जिल्ह्याला सर्वस्वी परका नाही.

मुंबईतील श्रमिक या सर्व काळात केवळ निमूटपणे सोसत होते, असे समजणे चुकीचे ठरेल. माणसे शहर सोडून गेल्यामुळे मजुरांची टंचाई झाली, आणि राहिलेल्यांना रोजच्या रोज वेतन मागण्याचे बळ आले. मार्च १८९८ मध्ये घरतपासणी व सक्तीच्या रुग्णालयभरतीविरुद्ध मुंबईत दंगा उसळला. त्यानंतर गोदीकामगार आणि गाडीवाले यांनी काम थांबविले. माल अडकताच सरकारने तपासणीची कठोरता सौम्य केली. ज्या युक्तिवादास सरकारने दाद दिली नव्हती, त्यास थांबलेल्या मालाने दाद मिळवून दिली, ही गोष्ट सूचक आहे.

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ४ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे ३ लाख ८५ हजार झाली. ही घट प्लेगच्या खात्यावर टाकण्याचा मोह अभ्यासकांनी टाळला पाहिजे. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांचा तो परिणाम होय. तथापि दुष्काळाने क्षीण झालेल्या प्रदेशात, त्याच लोहमार्गाने, पुढील वर्षांत प्लेगही शिरला, हे विसरता येत नाही.

५. १९१८ : बंदरातून मानमोडी

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत एक नवा ज्वर दिसू लागला. १० जून रोजी रुग्णालयात आलेल्या सात पोलीस शिपायांपैकी एक गोदीवर नेमलेला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत जहाज कंपनीचे व पोर्ट ट्रस्टचे नोकर, टांकसाळीतील व तारखात्यातील माणसे, गिरणी कामगार असा क्रम लागला. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत, मेच्या अखेरीस बंदरात आलेल्या एका जहाजाच्या खलाशांनी हा ज्वर आणला, असे होते. उलट सरकारचे म्हणणे, खलाशांना तो मुंबईतच जडला, असे पडले. या वादात खलाशी हा एका पक्षी आरोपी आणि दुसऱ्या पक्षी घाणेरड्या शहराचा पुरावा ठरला. आजारी माणूस म्हणून त्याचा विचार दोन्ही पक्षांनी केला नाही.

सप्टेंबरपासून दुसरी व अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तत्कालीन अहवालाच्या वर्गीकरणानुसार ‘खालच्या जातींचे हिंदू’ या गटात मृत्यूचे प्रमाण हजारी ६१.६ होते, तर युरोपियनांत ते ८.३ होते. विषाणू तोच होता. जागा, आहार आणि शुश्रूषा निराळी होती. लास्कराच्या निजण्याच्या जागेचे जे घनफूट मागे सांगितले, त्याचेच हे शहरातील रूप म्हणता येईल.

मुंबईहून ज्वर लोहमार्गाने अंतर्भागात गेला. मध्यप्रांत व वऱ्हाड हे देशातील सर्वाधिक पीडित प्रदेशांपैकी एक ठरले. ऑक्टोबर–नोव्हेंबर हा तेथील कहराचा काळ, आणि वर्धा जिल्ह्यात कापसाच्या वेचणीचा आरंभही याच दिवसांत होतो. त्या वर्षी पाऊस अपुरा झाला होता व महायुद्धामुळे धान्य महागले होते. वेचणीस हात नाहीत, जिनास मजूर नाहीत, आणि घरात एकमेकांस पाणी देण्यास माणूस नाही, अशी ही तिहेरी कोंडी होती. विदर्भात या साथीस ‘मानमोडी’ हे नाव पडले. सरकारी कागदांतील परकीय नावापेक्षा हे नाव रोगाच्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक आहे. देशभरातील मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे दशक भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक होय.

या साथीत जहाजांना अडविणे व्यर्थ होते काय, असा प्रश्न उपस्थित होतो. सामोआ बेटांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुने’ हे जहाज न्यूझीलंडहून पश्चिम सामोआत आले व त्यास मुक्त प्रवेश मिळाला. तेथील लोकसंख्येच्या सुमारे पाचव्या हिश्शाचा बळी गेला. शेजारच्या अमेरिकन सामोआत जहाजांवर कडक बंदी घातली गेली आणि तेथे या साथीचा एकही मृत्यू झाला नाही. म्हणजे श्वासाने पसरणाऱ्या रोगात माणसास अडविण्याचे शास्त्रीय समर्थन होते. मुंबईत मात्र युद्धकाळात सैनिक, घोडे, धान्य आणि कापूस यांची वाहतूक थांबविण्याचा विचारच संभवत नव्हता. १८९६ मध्ये जेथे माणसास अडविणे बव्हंशी निष्फळ होते, तेथे ते कठोरपणे केले गेले. १९१८ मध्ये जेथे त्याचा उपयोग होण्यासारखा होता, तेथे ते केले गेले नाही. दोन्ही निर्णयांत शास्त्रापेक्षा मालाच्या वाहतुकीचा विचार वरचढ होता, असा निष्कर्ष काढावा लागतो.

मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळ नाविकांच्या निवासगृहात पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही. मानमोडीने गेलेल्या गोदीकामगारांचे तसे स्मारक कोठेही उभारले गेले नाही. युद्धातील मृत्यू नोंदविला जातो आणि साथीतील मृत्यू आकड्यात विरून जातो, हा भेद इतिहासाच्या साधनांवर दूरगामी परिणाम करणारा आहे.

६. २०२० : किनारा दिसतो, उतरता येत नाही

२०२० पर्यंत सागरी श्रमिकांच्या स्थितीत मोठे बदल झाले होते. १९४८ च्या कायद्याने आणि त्याखालील १९५१ च्या मुंबईतील योजनेने गोदीकामगारांच्या नोकरीस काही स्थैर्य आले. २००६ च्या सागरी श्रम कराराने नाविकांच्या सेवेची मुदत, विश्रांती, वैद्यकीय उपचार आणि घरी परतण्याचा हक्क निश्चित केला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. या करारान्वये नाविकास बारा महिन्यांच्या आत घरी परतण्याचा हक्क आहे.

मार्च २०२० मध्ये हा हक्क जवळजवळ सर्व देशांत एकाच वेळी निष्प्रभ झाला. बंदरे मालासाठी उघडी राहिली. माणसांसाठी बंद झाली. धान्य, इंधन आणि औषधे घेऊन जहाजे फिरत होती, परंतु मुदत संपलेल्या खलाशांना उतरण्यास आणि नव्यांना चढण्यास परवानगी नव्हती. २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख नाविक मुदतीनंतरही जहाजांवर अडकले असल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. जवळपास तितकेच किनाऱ्यावर कामाविना आणि वेतनाविना वाट पाहत होते. जुन्या काळी कुडात बसून पुढच्या सफरीची वाट पाहणाऱ्या गोमंतकीय नाविकाची अवस्था याहून फारशी भिन्न नव्हती. भारत सरकारने २१ एप्रिल २०२० रोजी नाविकांच्या अदलाबदलीची नियमावली जाहीर केली. त्यानंतर दोनच दिवसांनी ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील सुमारे १४५ भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. १ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नाविकांना अत्यावश्यक कामगार मानावे, असा ठराव केला.

‘जग आनंद’ या भारतीय मालवाहू जहाजाचे उदाहरण विशेष चिंतनीय आहे. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन हे जहाज जून २०२० मध्ये चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर येऊन थांबले. त्यावर २३ भारतीय नाविक होते. व्यापारी तंट्यामुळे कोळसा उतरविण्यास परवानगी मिळेना; साथीच्या नियमांमुळे माणसे बदलण्यासही परवानगी मिळेना. अखेर जानेवारी २०२१ मध्ये जहाज जपानच्या चिबा बंदराकडे गेले, तेव्हा त्या माणसांची सुटका झाली. एरवी माल पुढे जातो आणि माणूस अडतो. येथे माल अडला म्हणून माणूसही अडला. दोन्ही प्रकारांत माणसाचे स्वातंत्र्य मालाच्या गतीवर अवलंबून राहिले.

अंतर्भागातही हेच सूत्र दिसले. मार्च २०२० च्या अखेरीस प्रवासी गाड्या बंद झाल्या, मालगाड्या चालू राहिल्या. वर्धा जंक्शनवरून कोळसा आणि धान्य जात होते. माणसे रस्त्याने पायी जात होती. त्याच वर्षी १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तपासणीच्या अधिकारात जहाजाबरोबर बस, रेल्वे, मालवाहू वाहन व विमान यांचाही उल्लेख आला. बंदरासाठी घडविलेला अधिकार अशा रीतीने देशाच्या प्रत्येक रस्त्यावर पोहोचला.

७. उपसंहार

तिन्ही साथींचा एकत्र विचार करता रोग निराळे, शास्त्राची अवस्था निराळी आणि शासनेही निराळी असल्याचे दिसते. तथापि मालास मोकळा मार्ग आणि माणसास पिवळे निशाण, ही विभागणी कायम राहिली. ती सर्वस्वी दुष्टबुद्धीने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मालाची वाहतूक थांबली असती तर १९१८ मध्ये किंवा २०२० मध्ये वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील दुःख वाढलेच असते. मीठ, औषधे व धान्य येणे ही लोकांचीच गरज होती. प्रश्न माल चालू ठेवावा की नाही हा नाही. माल चालू ठेवण्याची किंमत कोणी मोजली, आणि ती मोजणाऱ्यास त्या बदल्यात काय मिळाले, हा आहे. १८९८ च्या संपाखेरीज करून, या प्रश्नाचे उत्तर श्रमिकांच्या बाजूने क्वचितच मिळालेले आढळते.

वर्धा जिल्ह्याच्या अभ्यासकांस हा विषय आता अधिकच जवळचा झाला आहे. जवाहरलाल नेहरू बंदराने सिंदी (रेल्वे) येथे शुष्क बंदर उभारण्याचे काम २०१७ मध्ये हाती घेतले. पूर्वी वर्ध्याची गाठ बंदरावर जाई. आता बंदरच वर्ध्याकडे सरकत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जिन–प्रेसच्या हिशेबाच्या वह्या, रेल्वेच्या मालनोंदी, ग्रामनोंदींतील १९१८ च्या हिवाळ्याचे मृत्यू आणि गावोगावी अद्याप ऐकू येणाऱ्या मानमोडीच्या आठवणी ही साधने एकत्र आणून पाहावीत. जिल्ह्याचा आर्थिक इतिहास लिहिताना गाठींची संख्या सहज सापडते, कारण ती मोजली गेली होती. त्या गाठी उचलणाऱ्यांची संख्या, त्यांची नावे आणि त्यांचे मृत्यू हे मोजण्याचे काम राहिले आहे, आणि ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.